वीजबिल डबल आलं आणि घरात पाच जणांची सहा मतं: भांडण्यापेक्षा टेस्ट कशी करायची

गेल्या मे महिन्यात आमचं वीजबिल आलं २९६ युनिटांचं. फेब्रुवारीत होतं १२८. रुपयात तर विचारूच नका. सासरे म्हणाले मीटर फास्ट पळतोय, नवरा म्हणाला गीझर, सासूबाई म्हणाल्या कूलर, शेजारच्या काकू येऊन हळूच सांगून गेल्या की कुणीतरी तुमच्या लाईनवर वायर टाकली असणार, आणि माझी तर पक्की खात्री होती की सगळा दोष दिराच्या कॉम्प्युटरचा, रात्री दोन दोन वाजेपर्यंत गेम खेळतो. दीर बिचारा म्हणाला एक तर मीटर नाहीतर गीझर, म्हणजे त्याची एकट्याची दोन मतं.

शेवटी निघालं भलतंच, आणि ते शोधताना मी जे काही केलं ते म्हणजे शाळेत प्रयोगवहीत "हेतू, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान" लिहायचो ना, तेच. मी बारावीनंतर सायन्स सोडलं, त्यामुळे हे कुणालाही जमेल. खाली स्टेप बाय स्टेप देतेय, उदाहरण बिलाचं आहे पण स्कूटरचं ॲव्हरेज, चहा पावडर, केसांचं तेल, कशालाही लावा.

लागणारं सामान

- मागच्या वर्षभराची बिलं. नसतील तर चालू बिलावर मागच्या महिन्यांचे युनिट छापलेले असतात ते बघा
- पेन आणि कॅलेंडर. मी किचनमधल्या कॅलेंडरवरच लिहिलं, दुधाच्या हिशोबाच्या खाली
- मोबाईलचं स्टॉपवॉच आणि टॉर्च
- जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब, होल्डर आणि प्लगसकट (माळ्यावर एखादा सापडतोच)
- दहाची एक नोट. कशाला ते पुढे येईल

मीटरचं सील, वायर, आतलं काहीही हात लावायचं नाही. आपण फक्त बाहेरून आकडे वाचणार आणि घरातले एमसीबी (मेन बोर्डवरचे खटके) चालू-बंद करणार, तेवढंच.

१. आधी "डबल" म्हणजे नक्की कशाच्या डबल ते बघा

अर्धी भांडणं इथेच मिटतात. रुपये बघू नका, युनिट बघा. स्लॅबमुळे पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो आणि १०१ ते ३०० चा बराच जास्त, त्यामुळे युनिट थोडे वाढले तरी रुपये उडी मारतात.

मग दिवस मोजा. आमचं फेब्रुवारीचं बिल २९ दिवसांचं होतं आणि मे चं ३६ दिवसांचं! रीडिंगवाला उशिरा आला होता. म्हणजे रोजचे युनिट झाले ४.४ आणि ८.२. (एखाद्या महिन्यात घर बंद म्हणून सरासरी बिल आलं असेल तर तोही महिना तुलनेला घेऊ नका, पुढच्या बिलात त्याची कसर निघते.)

आणि तिसरं, फेब्रुवारीशी तुलना करायचीच कशाला? सांगलीत मे मध्ये पंखे-कूलर दिवसभर चालतात. मागच्या वर्षीचा मे काढला, १८३ युनिट, ३० दिवस, म्हणजे रोज ६.१. म्हणजे आपला खरा प्रश्न "बिल डबल का झालं" हा नव्हताच. प्रश्न होता, रोजचे २ युनिट जास्तीचे कुठे जातायत. हा २ चा आकडा मी कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून गोल केला, आणि पुढे त्याचा जो उपयोग झाला तो बघाच.

२. सगळे संशयित लिहून काढा, आणि प्रत्येकासमोर "हा निर्दोष असेल तर काय दिसेल?" तेही लिहा

हे दुसरं वाक्य लोक लिहीतच नाहीत. आपल्याला आवडलेल्या मताचे पुरावे शोधणं फार सोपं असतं हो, मी महिनाभर दिराला रात्री कॉम्प्युटरवर बघत होते आणि दरवेळी मनात "बघ, सापडला" म्हणत होते. पण तो मागच्या वर्षीही तसाच बसायचा, तेव्हा बिल का नाही वाढलं, हे डोक्यात आलंच नाही.

आमची यादी अशी झाली:

- मीटर फास्ट: खरं असेल तर १०० वॅटचा बल्बसुद्धा जास्त वीज खातोय असं दिसेल. नसेल तर हिशोब जुळेल
- वायर टाकून चोरी: मीटरनंतर आपल्याच लाईनवर टाकली असेल तर घरातले सगळे एमसीबी बंद केल्यावरही मीटरचा लाल दिवा लुकलुकत राहील
- गीझर: मे मध्ये दिवसातून एकदा दहा मिनिटं लागतो. २००० वॅटचा गीझर अर्धा तास चालला तर १ युनिट होतं, म्हणजे २ जास्तीचे युनिट व्हायला रोज एक तास जास्त चालायला हवा. कुणाच्या नजरेतून सुटेल का?
- कूलर: मागच्या वर्षीही हाच होता
- कॉम्प्युटर: मोजायचा
- फ्रिज: हे नाव कुणीच घेतलं नव्हतं, मी यादी पूर्ण करायची म्हणून लिहिलं. तो तर पंधरा वर्षं कोपऱ्यात गपगुमान उभा आहे

३. आधी फुकटातल्या आणि पाच मिनिटांच्या टेस्ट

मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो, आणि शेजारी बारीक अक्षरात एका युनिटला किती इम्पल्स ते छापलेलं असतं. आमच्या मीटरवर ३२०० आहे. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की १ युनिट. यावरून त्या क्षणाला घरात किती वॅट चालू आहेत ते काढता येतं:

३६,००,००० ला (इम्पल्स × दोन लुकलुकण्यातले सेकंद) ने भागा.

मी सगळे एमसीबी बंद केले, दिवा पूर्ण थांबला. पाच मिनिटं टॉर्च घेऊन उभी होते, एकदाही नाही. काकूंची वायर गेली.

मग एकच एमसीबी चालू करून फक्त १०० वॅटचा बल्ब. गणिताने दर सव्वाअकरा सेकंदांना एकदा लुकलुकायला पाहिजे. एकावर विसंबू नका, दहा लुकलुकण्यांचा वेळ घ्या आणि दहाने भागा. माझे आले साडेअकरा सेकंद. व्होल्टेज थोडं कमीजास्त असतं त्यामुळे एवढा फरक चालतो, आणि मीटर फास्ट असता तर सेकंद कमी आले असते. सासऱ्यांना मुद्दाम शेजारी उभं करून स्टॉपवॉच त्यांच्याच हातात दिलं होतं, कारण मी मोजून सांगितलं असतं तर त्यांनी मानलं नसतं. स्वतः मोजल्यावर फक्त "हं" म्हणाले.

मग कॉम्प्युटर. चालू असताना आणि बंद असताना मोजला, फरक आला साधारण ९० वॅट. तेव्हा तो लाल गोलातला २ कामाला आला. ९० वॅटने २ युनिट जाळायला दिराला रोज बावीस तास जास्त बसावं लागलं असतं. तो एवढा वाईट नाही. मी सॉरी म्हणाले, तर तोंडी सॉरीचा स्क्रीनशॉट घेता येत नाही याचंच त्याला वाईट वाटलं.

४. मग रोजची नोंद, ठरलेल्या वेळेला

रात्री ११ आणि सकाळी ६ ला रीडिंग. आमच्या मीटरवर दशांशानंतर एक आकडा दिसतो, तेवढा पुरतो. रात्रच का, तर दिवसा शंभर भानगडी असतात, इस्त्री, मिक्सर, पाहुणे. रात्री फक्त तीन पंखे, राऊटर आणि फ्रिज (कूलर आणि दिराचा कॉम्प्युटर त्या रात्रींना बंद ठेवले, नवऱ्याने कुरकुर केली). पंखे प्रत्येकी ७५ वॅट धरले तर सात तासांचे १.६ युनिट, राऊटर जेमतेम ०.१, चांगला फ्रिज ०.४. सगळे मिळून २.१ व्हायला हवेत.

हा आकडा मी आधी लिहिला, रीडिंग घ्यायच्या आधी. प्लीज हे करा. नंतर लिहिला की जे आलं तेच "मला वाटलंच होतं" असं होतं.

चार रात्रींचे आकडे: २.७, २.८, २.६, २.७.

सात तासात ०.६ जास्त, म्हणजे चोवीस तासात २ च्या आसपास. मला खरंच अंगावर काटा आला, कारण हाच तो लाल गोलातला आकडा होता आणि रात्री चालू असणाऱ्या गोष्टी तर तीनच.

पाचव्या रात्री सगळे झोपल्यावर किचनचा सोडून बाकी एमसीबी पाडले (उकडायला लागल्यावर नवरा उठलाच) आणि मीटरसमोर स्टूल टाकून बसले. दर ८ सेकंदाला एक, म्हणजे १४० वॅट. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू-बंद चालू-बंद होत राहायला पाहिजे, आमचा चाळीस मिनिटांत एकदाही थांबला नाही. तो आवाज इतका रोजचा झाला होता की थांबत नाहीये हे कुणाच्या कानाला जाणवलंच नव्हतं.

५. एका वेळी एकच गोष्ट बदला

आता मोह आवरा. फ्रिज का थांबत नाही याची मला दोन कारणं सुचली. मार्चमध्ये घराला रंग दिला तेव्हा रंगाऱ्याने फ्रिज हलवला आणि परत ठेवताना पार भिंतीला चिकटवून ठेवला, मागच्या जाळीला हवाच नाही. दुसरं म्हणजे दाराचं रबर. दहाची नोट दारात अडकवून दार बंद करा आणि नोट ओढा, घट्ट लागली तर रबर ठीक. आमची नोट वरच्या कोपऱ्यात अलगद हातात आली.

दोन्ही एकदम दुरुस्त केलं असतं तर फ्रिज बरा झाला असता, पण कशाने ते कधीच कळलं नसतं. मी आधी फुकटवालं केलं, फ्रिज वीतभर पुढे ओढला. तीन रात्री: २.४, २.४, २.५.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा काही नवा शोध नाही. १७४७ साली जेम्स लिंड नावाच्या ब्रिटिश नौदलाच्या डॉक्टरने जहाजावरच्या स्कर्व्ही (क जीवनसत्त्व कमी पडून होणारा आजार) झालेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या केल्या, सगळ्यांना जेवण सारखं, जागा सारखी, फक्त औषध वेगळं. संत्री आणि लिंबं मिळालेली जोडी सगळ्यात लवकर उठून कामाला लागली. आणि तरी नौदलात लिंबाचा रस द्यायचं ठरायला १७९५ उजाडलं, तेव्हा आपल्या घरच्यांनी चार दिवस ऐकलं नाही तर नाराज होऊ नका.

६. उलटं करून बघा

बदल केला, फरक पडला, झालं असं नाही. त्या तीन दिवसात वळवाचा पाऊस पडून हवा गार झाली असेल तर? म्हणून मी फ्रिज परत भिंतीला लावला. सासूबाई म्हणाल्या, "अगं आत्ता ओढलास, आता परत ढकलतेस, डोकं ठिकाणावर आहे ना?" दोन रात्री: २.७, २.७. परत ओढला: २.४. आता मला कुणी काही सांगू शकत नव्हतं.

मग रबर. फ्रिज दुरुस्त करणारा आला आणि हात न लावताच म्हणाला, गॅस गेलाय मॅडम, भरावा लागेल. मी त्याला विचारलं, गॅस गेला असता तर फ्रिजरमध्ये बर्फ नीट झाला नसता ना, आमचा तर बर्फाने गच्च भरलाय, बाहेरची दमट हवा आत येत असल्यासारखा. आणि नोट ओढून दाखवली. तो हसला आणि म्हणाला रबर बदलू आधी. आठशेच्या आत काम झालं. त्या आठवड्यातल्या रात्री: २.१, २.०, २.१.

जूनचं बिल कमी आलं हा पुरावा मी कुणाला सांगत नाही, कारण जूनमध्ये पाऊस आला की ते तसंही कमी येतं.

७. इथे लोक (आणि मी) फसतात

"मी घेतलं आणि फरक पडला." दोन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मी सॉकेटला लावायचा पॉवर सेव्हर घेतला होता, हिरवा दिवावाला. मे अखेरीस लावला, जून-जुलैचं बिल खाली आलं, मी माहेरी फोन करून दोन जणींना घ्यायला लावला. नंतर जुनी बिलं काढली तर त्याच्या आदल्या वर्षीही जूनमध्ये तेवढंच खाली आलं होतं, बिनडबीचं. त्या डबीत मुख्यतः कपॅसिटर असतो, त्याने पॉवर फॅक्टर (येणाऱ्या करंटचा किती भाग खरंच कामाला लागतो त्याचं माप) बदलतो, पण घरगुती बिल लागतं ते युनिटांवर, त्याला त्याने काही होत नाही. आपण उपाय नेहमी त्रास शिगेला पोचल्यावर करतो, आणि शिगेनंतर बऱ्याचदा आपोआप उतारच असतो. सर्दीचं तेच. साधी सर्दी आठ-दहा दिवसात जातेच, पाचव्या दिवशी घेतलेल्या काढ्याला श्रेय मिळतं.

एकदाच मोजणं. नवऱ्याने स्कूटरमध्ये पेट्रोलला टाकायचं कसलं तरी लिक्विड आणलं, ॲव्हरेज ५१ आलं म्हणून खूष. मी म्हटलं आधी काही न टाकता किती येतं ते बघ. टाकी फुल करायची, किलोमीटर लिहायचे, दोनशेच्या वर चालवायची, त्याच पंपावर परत फुल, किलोमीटर भागिले लिटर. काही न टाकता चार वेळा आले ४६, ४४, ५०, ४८. आता ५१ मध्ये त्या बाटलीचा हात किती ते तुम्हीच सांगा. आधी नुसतं इकडेतिकडे किती होतं ते माहीत हवं, मगच फरकाला फरक म्हणा.

ज्यांना गुण आला तेच बोलतात. "आमच्या ओळखीत तिघांना फायदा झाला." ठीक आहे, पण किती जणांनी केलं होतं? ज्यांना काही झालं नाही ते ग्रुपवर मेसेज टाकत नाहीत.

आपल्यालाच परीक्षक नेमणं. याला सगळ्यात भारी उपाय म्हणजे ज्याची परीक्षा आहे त्याला उत्तर कळू न देणं. २००८ साली जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी, त्यात नरेंद्र दाभोलकरही होते, फलज्योतिषाची अशीच चाचणी घेतली. हुशार मुलं आणि बौद्धिक अक्षमता असलेली मुलं, अशा २०० कुंडल्या मिसळल्या, ज्योतिषांना प्रत्येकी ४० दिल्या, कुठली कुणाची ते ओळखा. २७ जणांनी उत्तरं पाठवली, सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं तरी ५० च्या आसपास येतात. मला या चाचणीत आवडतं ते हे की नियम आधी सांगितले आणि कुंडल्या हातात दिल्या.

८. कुठे हे करत बसू नका

बीपी-शुगरच्या गोळ्या "बंद करून बघू काय होतं" असले प्रयोग घरी अजिबात नाही, अँटिबायोटिक्सचा कोर्स अर्धवट सोडणंही नाही. औषधांच्या टेस्ट हजारो लोकांवर आधीच झालेल्या असतात, आपल्या एका माणसाच्या आकड्यात त्याच्यापेक्षा जास्त काही कळत नाही. छातीत दुखतंय, गॅसचा वास येतोय, स्विचला झटका बसतोय, तिथे वही काढायची नाही, डॉक्टर किंवा मेकॅनिक. आणि वीस रुपयाच्या गोष्टीसाठी तीन आठवडे नोंदी ठेवू नका, घ्या आणि मोकळे व्हा.

९. पहिला सराव: चहा

सुरुवातीलाच बिलाचं करू नका, कंटाळाल. एका रविवारी चहा करा. सासूबाईंचं म्हणणं, नेहमीच्या पावडरीऐवजी स्वस्तवाली आणली तर त्या एका घोटात ओळखतात. असाच दावा १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाच्या एका सहकारी बाईंनी केला होता, की दूध आधी घातलं की चहा आधी हे मी चवीवरून सांगते. त्यावरून फिशरने जी टेस्ट मांडली ती आजही शिकवतात: ८ कप, ४ एका प्रकारचे ४ दुसऱ्या, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा, आणि चाखणाऱ्याने चार-चार वेगळे करायचे. नुसत्या अंदाजाने आठही बरोबर यायचे ७० मधला एकच चान्स असतो.

करताना साखर, दूध, पाणी मापाने, उकळायचा वेळ घड्याळ लावून, कप एकसारखे, आणि देणाऱ्यालाही कुठला कप कुठला ते माहीत नको, नाहीतर चेहऱ्यावर दिसतं. आमच्याकडे दिराने कपांच्या बुडाला नंबर चिकटवले आणि यादी खिशात ठेवून गॅलरीत जाऊन बसला, मी नुसते कप नेऊन दिले. किती आले तर मानायचं तेही आधी ठरलं: आठच्या आठ.

सासूबाईंचे सहा आले. सासरे लगेच "बघ, ओळखते की नाही" म्हणाले. मी म्हटलं बाबा, सहा किंवा त्याहून जास्त नुसत्या अंदाजाने यायचा चान्स ७० मध्ये १७ आहे, जवळजवळ चारात एक. त्यावर सासूबाईंनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "तू साखर एवढी घातलीस की पावडर कळणार कशी? पुढच्या रविवारी बिनसाखरेचा कर."

मुद्दा बरोबर होता. कॅलेंडरवर रविवारच्या चौकटीत लिहून ठेवलंय, बिनसाखरेचे ८ कप.